देश तसा वेश. पण देश तशी नीती?

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. परगावी गेलेल्या माणसाने तिथल्या लोकांसारखे राहावे, त्यांच्या पानात जे वाढले जाईल ते गोड मानून घ्यावे, त्यांच्या उंबरठ्यावर चपला काढायच्या असतील तर आपणही काढाव्यात, यात कमीपणा नाही. उलट सुसंस्कृतपणा आहे. अलीकडे मात्र या म्हणीला एक नवे शेपूट जोडले जात आहे. ‘देश तशी नीती’, असे आता म्हटले जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गांत, तरुणांच्या मेळाव्यांत, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो: “फादर, एका समाजात जे पाप, ते दुसऱ्या समाजात पाप नसते. मग चांगले आणि वाईट हे ज्याच्या त्याच्या समाजाने ठरवलेले संकेतच नव्हेत काय? दुसऱ्याच्या चालीरीतींना नावे ठेवणारे आपण कोण?”

नीतिशास्त्रात या भूमिकेला नैतिक सापेक्षतावाद असे नाव आहे. १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘व्हेरितातिस स्प्लेंडोर’ हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा आम्ही गुरुविद्यालयात शिकत होतो. माणूस संस्कृतीत जन्मतो, वाढतो, हे खरे. पण तो संस्कृतीत पुरता सामावून जात नाही, तिच्याकडे वळून पाहण्याची आणि तिचा न्याय करण्याची शक्ती त्याच्यात असते, असा त्या पत्रातील एका भागाचा आशय आहे. वर्गात तो आम्हांला सहज पटला. पुढे धर्मग्रामांत काम करताना लक्षात आले, की हा विचार मान्य करणे सोपे आहे. पण कोणती गोष्ट निव्वळ रीत आणि कोणती नीतीचा प्रश्न, हे प्रत्यक्षात ओळखणे कठीण आहे. त्या ओळखण्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की तरुणांचा प्रश्न उर्मटपणातून आलेला नाही. त्यामागे एक जुनी वेदना आहे. आपल्या रीतीलाच नीती समजून दुसऱ्यांना हीन लेखणाऱ्यांनी जगात पुष्कळ दुःख पेरले आहे, आणि त्याची झळ आपल्या पूर्वजांनाही लागली आहे. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली एक फर्मान काढले. लग्नात हळद लावणे, पानसुपारी देणे, मिठावाचून भात शिजवणे, दारी तुळस ठेवणे, पुरुषांनी धोतर नेसणे आणि स्त्रियांनी चोळी घालणे अशा कितीतरी गोष्टींवर त्यात बंदी होती. हळदीने कोणाची श्रद्धा पिवळी पडते? धोतराने कोणाचा स्नानसंस्कार पुसला जातो? फर्मान काढणाऱ्यांना मात्र पोर्तुगालची रीत हीच शुभवर्तमानाची रीत वाटत होती. आज गोव्यात वधूवरांना रोस लावला जातो, उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत उंबराचे पाणी आणले जाते, आणि त्यामुळे ख्रिस्तसभेचे काहीच बिघडलेले नाही. ज्या समाजाच्या आठवणीत असे फर्मान आहे, त्या समाजातील तरुणांना दुसऱ्याच्या रीतीला नावे ठेवण्याची भीती वाटावी, हे चांगलेच लक्षण आहे.

विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञांनी सापेक्षतेचा विचार मांडला तोही मुख्यतः याच भावनेने. फ्रान्झ बोआस आणि त्यांचे शिष्य यांनी, गोऱ्या युरोपीयांची संस्कृती शिखरावर आणि बाकीच्यांची पायरीपायरीने खाली, ही उतरंड नाकारली. प्रत्येक समाजाची रीत तिच्या आतून समजून घ्या, असे ते सांगत होते. हा उपदेश न ऐकणाऱ्याने दुसऱ्या समाजाविषयी तोंड उघडू नये, असे आमचेही मत आहे.

समजून घेतल्यावर काय दिसते? ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली एक गोष्ट येथे आठवते. इराणचा राजा दारियस याने दरबारातील ग्रीकांना बोलावून विचारले, “किती धन दिले तर तुम्ही आपल्या मृत पित्याचे मांस खाल?” ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कलातिया नावाच्या भारतीय लोकांना बोलावले. मृत पित्याचे मांस खाण्याची त्यांची रीत होती. “किती धन दिले तर तुम्ही पित्याचे प्रेत जाळाल?” असे विचारताच त्यांनी आक्रोश केला, आणि असे अभद्र बोलू नकोस, अशी राजाला विनवणी केली. रूढी हीच सर्वांची राणी, असा निष्कर्ष हिरोडोटसने काढला.

ही गोष्ट सापेक्षतावादाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यात निराळेच दिसते. दोन्ही समाजांना आपल्या मृत पित्याची विटंबना सहन होत नव्हती. पित्याचा मान राखावा, याविषयी त्यांचे एकमत होते. मान कसा राखावा, याविषयी मतभेद होता. आपल्या मुंबईत हिंदू बांधव दहन करतात, मुसलमान आणि ख्रिस्ती दफन करतात, पारशी बांधव दोखम्यात देह ठेवतात. प्रेत उकिरड्यावर टाकावे, असे कोणीच म्हणत नाही. खुद्द ख्रिस्तसभेनेही १८८६ साली दहनाला मनाई केली होती आणि १९६३ साली ती उठवली. त्या ७७ वर्षांत मृतांविषयीची नीती बदलली काय? नाही. पुनरुत्थानाच्या आशेने मृतदेहाचा आदर करावा, हे तत्त्व तेव्हाही होते आणि आजही आहे. बदलली ती रीत. म्हणून संस्कृती-संस्कृतींतील जे भेद आपल्याला प्रथमदर्शनी नीतीचे वाटतात, त्यांतील पुष्कळसे वस्तुतः रीतीचे असतात. एवढे जरी ध्यानात ठेवले तरी निम्मी भांडणे मिटतील.

ख्रिस्तसभेला हा विवेक जन्मतःच करावा लागला. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथील सभेचा वृत्तान्त आहे. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, तर त्यांनी सुंता करून घ्यावी काय, हा त्या सभेपुढील प्रश्न होता. सुंता ही काही किरकोळ रीत नव्हती. अब्राहामापासून चालत आलेली ती कराराची खूण होती. तरीही प्रेषितांनी ते ओझे परराष्ट्रीयांवर लादले नाही. मूर्तीला वाहिलेल्या अन्नापासून, रक्तापासून, गुदमरवून मारलेल्या प्राण्याच्या मांसापासून आणि व्यभिचारापासून दूर राहण्यास मात्र सांगितले. यांपैकी खाण्यापिण्याचे नियम काळाच्या ओघात मागे पडले; व्यभिचाराविषयीचा नियम राहिला. एकाच पत्रात रीत आणि नीती शेजारीशेजारी लिहिलेल्या होत्या, आणि त्या वेगळ्या ओळखायला ख्रिस्तसभेला काही काळ जावा लागला.

आपल्या देशात हा विवेक सर्वांत धैर्याने ज्यांनी केला, त्यांत येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट दी नोबिली यांचे नाव घ्यावे लागेल. इटलीतील उमराव घराण्यात १५७७ साली जन्मलेले हे धर्मगुरू १६०५ साली गोव्यास उतरले आणि पुढच्याच वर्षी मदुराईला पोहोचले. तेथे फादर गोन्सालो फर्नांडिस १५९५ पासून काम करीत होते. पण स्थानिक उच्चवर्णीयांपैकी कोणी त्यांच्याकडे फिरकत नव्हता. कारण ‘परंगी’, म्हणजे फिरंगी, हा शब्द तेथे तिरस्काराचा होता, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे फिरंग्यांच्या जातीत जाणे, असेच लोक समजत. दी नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला, मांसाहार सोडला, मातीच्या झोपडीत राहिले, तमिळ आणि संस्कृत आत्मसात केली. जानवे, शेंडी, गंध ही मूर्तिपूजेची अंगे नसून कुळाच्या आणि विद्येच्या सामाजिक खुणा आहेत, म्हणून ब्राह्मणाने ख्रिस्ती होताना त्या टाकण्याचे कारण नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १६१९ साली गोव्यात परिषद भरली, प्रकरण रोमपर्यंत गेले, आणि १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी या खुणांना परवानगी दिली. इन्क्विझिशनच्या ज्या फर्मानाचा वर उल्लेख केला, ते याच्या शंभराहून अधिक वर्षे नंतरचे आहे. शहाणपण एकदा सापडले म्हणजे कायमचे हाती राहते असे नाही, हेही यावरून दिसते.

आम्हां धर्मगुरूंना दी नोबिली यांच्याविषयी नितांत आदर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने स्थानिक संस्कृतींविषयी जी दृष्टी दिली, ती या माणसाने साडेतीनशे वर्षे आधी जगून दाखवली. परंतु ही कथा येथे संपत नाही. तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या मते खरा धडा तेथेच आहे.

जानवे ही सामाजिक खूण ठरली. त्याच न्यायाने जातिभेदही सामाजिक व्यवस्था ठरला. युरोपात जसे उमराव आणि सामान्यजन, तशाच येथे जाती, अशी तुलना दी नोबिली यांनी केली. उच्चवर्णीयांत काम करणारे संन्यासी धर्मगुरू वेगळे राहिले, आणि १६४० च्या सुमारास खालच्या मानलेल्या जातींसाठी ‘पंडारस्वामी’ नावाचे वेगळे मिशनरी पुढे आले. परैयर ख्रिस्ती मनुष्य आजारी पडला, तर धर्मगुरू त्याच्या झोपडीत पाऊल टाकत नसत. त्याला संस्कार द्यायचे तर त्याला बाहेर आणावे लागे. त्या धर्मगुरूंना गरिबांची कीव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकदा परैयराच्या घरात गेलो, तर उच्चवर्णीय आपल्याला दारात उभे करणार नाहीत आणि इतक्या कष्टाने उभारलेले काम कोसळेल, ही त्यांची भीती खरीच होती. ती त्या देशाची रीत होती, आणि तिचा ते आदर करीत होते.

१७०३ च्या नोव्हेंबरात पोपचे प्रतिनिधी शार्ल तुर्नों पाँडिचेरीस उतरले. ते चीनकडे निघाले होते. आठ महिने येथे थांबले आणि त्यांतील बराच काळ आजारीच होते. त्यांना तमिळ अवगत नव्हते; या देशाचा परिचय असा नव्हताच. १७०४ साली त्यांनी जे फर्मान काढले, त्यात लग्नात नारळ फोडण्यासारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रथेलाही मनाई होती. विवाहितेच्या तालीवर पिल्लैयारची प्रतिमा नसावी, क्रूस किंवा पवित्र मरियेची प्रतिमा चालेल, असेही त्यात म्हटले होते. संस्कृतीची जाण असलेल्या माणसाचा हा दस्तऐवज नव्हे. पण त्याच फर्मानात आणखी एक आज्ञा होती: मिशनऱ्यांनी आजारी परैयराच्या घरात जाऊन त्याला संस्कार द्यावेत.

या एका आज्ञेपाशी आम्ही नेहमी थांबतो. ज्यांनी या संस्कृतीवर प्रेम केले, तिची भाषा शिकली, तिच्यासाठी स्वतःचा देश, वेष आणि आहार टाकला, ते त्या झोपडीच्या दाराशी थांबले होते. ज्याला ही संस्कृती मुळीच समजली नव्हती, त्या परक्याला मात्र दाराबाहेर आणलेला आजारी माणूस दिसला. नारळाबाबत त्याचे चुकले, झोपडीबाबत त्याचे बरोबर होते. संस्कृतीचे ज्ञान आणि न्यायाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली की दुसरी आपोआप येतेच असे नाही. ते फर्मान अनेक वर्षे वादात अडकले. अखेर १७४४ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ते कायम केले आणि परैयरांसाठी खास मिशनरी नेमण्याच्या योजनेला मान्यता दिली. म्हणजे झोपडीत धर्मगुरू गेला. पण तो वेगळा धर्मगुरू होता. निम्मा न्याय झाला आणि निम्मी रीत शिल्लक राहिली.

ग्रेगरी पंधरावे यांना हा धोका आधीच जाणवला असावा. १६२३ च्या ज्या पत्राने त्यांनी जानव्याला परवानगी दिली, त्याच पत्रात कुलीनतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना त्यांनी कळकळीने विनवले होते, की निदान देवळात, जेथे सर्वजण परमेश्वराचे वचन ऐकतात आणि संस्कार घेतात तेथे, दीनदुबळ्यांचा तिरस्कार करू नका. परवानगी सर्वांनी लक्षात ठेवली, विनवणी मात्र विस्मरणात गेली. रीतींचे नेहमी असेच होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. “ज्या त्या समाजाने आपली नीती ठरवावी”, असे म्हणताना ‘समाज’ म्हणजे कोण? झोपडीबाहेर आणलेला तो आजारी माणूस त्या समाजात मोडतो की नाही? त्याला कोणी विचारले होते काय? सापेक्षतावादाचा मोठा दोष आमच्या मते हा आहे, की तो प्रत्येक समाजाला एकच तोंड आहे असे समजतो, आणि ते तोंड बहुधा ज्यांचे चालते त्यांचे असते. समाजाने ठरवले तेच योग्य असेल, तर समाजसुधारक हा व्याख्येनेच चुकलेला माणूस ठरतो. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा पुण्याच्या रीतीप्रमाणे ते दोषी होते. मग आज आपण त्यांना कोणत्या मापाने थोर म्हणतो?

महाडचे उदाहरण याहून बोलके आहे. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांनी तेथे काय युक्तिवाद केला? ही आमची अनादी काळापासूनची रूढी आहे, असा! १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. दावा फेटाळला गेला हे उत्तमच झाले; पण घटकाभर कल्पना करा, की रूढी खरोखरच हजारो वर्षांची आहे हे सिद्ध झाले असते. तर तहानलेल्या माणसाला पाण्यापासून हाकलणे योग्य ठरले असते काय? ‘नाही’ हे उत्तर ज्या क्षणी आपल्या तोंडून निघते, त्या क्षणी आपण मान्य करतो, की रूढीच्या वर काहीतरी आहे.

ते ‘काहीतरी’ पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेले आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो. १९४७ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने साधारण अशीच शंका काढली होती: सर्व संस्कृतींना लागू पडेल असा एक जाहीरनामा करता येईल काय? जाहीरनामा झाला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ राष्ट्रांनी त्याच्या बाजूने मत दिले, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली, विरोधात एकही मत पडले नाही. मसुदा करणाऱ्यांत चीनचे चांग होते, लेबनॉनचे मलिक होते आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी जी शब्दरचना पहिल्या कलमात होती, तिच्या जागी ‘सर्व मानवी व्यक्ती’ असे शब्द यावेत, हा आग्रह या भारतीय महिलेने धरला. पाश्चात्त्य शब्दातली उणीव पूर्वेकडच्या स्त्रीने दाखवली! पुढे १९९९ साली त्याच मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानवी हक्कांना पाठिंबा देणारे निवेदन स्वीकारले. पन्नास वर्षे जगभरच्या रीती आतून पाहिल्यावर त्या अभ्यासकांनाही दाराबाहेरची माणसे दिसली असावीत.

रीत आणि नीती यांतला भेद ओळखण्यासाठी आम्ही तरुणांना एक साधी कसोटी सांगतो. कोणतीही रूढी समोर आली, की तिचा भार कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहावे, आणि त्याला विचारावे. हळदीचा भार कोणावरही नाही. उंबराच्या पाण्याने कोणी तहानलेला राहत नाही. अशा रीती आनंदाने पाळाव्यात, दुसऱ्यांच्या असतील तर कौतुकाने पाहाव्यात. पण जिच्या पायी कोणीतरी दाराबाहेर राहतो, आणि ज्याला बाहेर ठेवले त्याचे म्हणणे कधीच ऐकले जात नाही, ती रीत कितीही जुनी असो, नीतीच्या न्यायासनापुढे तिला उभे राहावेच लागेल. ही कसोटी आमची नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू हात धुण्याच्या परंपरेवर वाद घालणाऱ्यांना ‘कुर्बान’ची आठवण करून देतो. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे म्हटले, की मुलगा त्यांच्या पालनपोषणातून मोकळा! रीत पवित्र होती, देवाच्या नावाने होती. पण तिचा भार म्हाताऱ्या आईबापांवर पडत होता. प्रभूने त्या परंपरेचे वय विचारले नाही. उपाशी कोण राहिले, ते पाहिले.

ही कसोटी आता आपल्या घरात आणू या, कारण शेजाऱ्याच्या अंगणात ती लावणे फार सोपे असते. काही वर्षांपूर्वी एका विवाहपूर्व शिबिरात एका तरुणीने आम्हांला विचारले, “फादर, आम्ही दोघेही कॅथॉलिक आहोत, दोघांचा स्नानसंस्कार झालेला आहे. पण त्याच्या घरचे म्हणतात, ती आपल्यातली नाही. हे पाप आहे की रीत?” वर्ग स्तब्ध झाला. आम्ही तिला म्हणालो, “ज्या शब्दाने तुला दाराबाहेर ठेवले जाते, त्या शब्दाला देवळात जागा नाही.” शिबिरानंतर दोन वडीलधारी गृहस्थ आम्हांला भेटले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “फादर, तुम्ही यात पडू नका. ही धर्माची नव्हे, समाजाची बाब आहे.” चारशे वर्षांपूर्वी मदुराईत जो भेद केला गेला होता, तोच जवळजवळ त्याच शब्दांत आमच्यापुढे उभा होता. पुढे त्या दोघांचे लग्न लागले. तेव्हा देवळात एका बाजूचे बाक बरेचसे रिकामे होते.

आपल्यापैकी कोणी आज उघडपणे जातिभेदाचे समर्थन करणार नाही. पण स्थळ पाहताना गाव विचारले जाते, गावावरून आळी, आळीवरून आडनाव, आणि मग चहा थंड होतो. मुलीच्या बापाने स्वखुशीने दिले असे म्हणत जे घेतले जाते, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे त्या बापाला एकांतात विचारून पाहावे. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील एका कॅथॉलिक दफनभूमीत दलित आणि सवर्ण ख्रिस्ती मृतांना विलग करणारी भिंत दीर्घकाळ वादाचा विषय ठरली. पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्यांमध्येही भिंत! नोव्हेंबर २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तामिळनाडूच्या बिशपांना स्पष्ट सांगितले, की ख्रिस्ती लोकांतील जातीय पूर्वग्रह हा खऱ्या मानवी ऐक्याला बाधक आहे. २०१६ साली भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. कागद झाले आहेत. भिंती पाडण्याचे काम मात्र कागद करीत नाहीत; ते घराघरांतून व्हावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की अशाने आपण साऱ्या जगाचे न्यायाधीश होऊन बसू. तसे होण्याचे कारण नाही. जो माणूस ही कसोटी आधी स्वतःच्या घराला लावतो, तो शेजाऱ्याकडे बोट दाखवताना आपोआप सौम्य होतो. आपल्या रीतींतला अन्याय आपल्यालाच कित्येक पिढ्या दिसला नाही, ही जाणीव त्याच्यापाशी असते. शेजाऱ्याच्या रीतीतला अन्याय त्याला दिसला, तरी तो त्या समाजातल्या ज्या माणसाला भार सोसावा लागतो त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. साऱ्या समाजाला हीन ठरवीत नाही. आणि परक्याने आपल्या दाराकडे बोट दाखवले, तर ‘तुम्हांला आमची संस्कृती काय कळणार’ असे म्हणून तो त्याला उडवून लावत नाही. त्याला नारळ कळला नसेल. कदाचित झोपडी दिसली असेल.

येत्या लग्नसराईत आपल्या धर्मग्रामांत रोस लागेल, उंबराचे पाणी येईल, वाजंत्री वाजेल, जुनी गाणी म्हटली जातील. ते सारे आपले आहे, ते टिकले पाहिजे. मात्र त्याच दिवसांत धर्मग्रामाच्या मंडळांनी, समाजाच्या संघांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा एकत्र बसून विचारावे, की आपल्या कोणत्या रीतीमुळे कोणाला बाहेर उभे राहावे लागते. आणि त्या बैठकीला, ज्याला बाहेर उभे राहावे लागते, त्यालाही बोलावून घ्यावे.